हैदराबादचे हबशी स्वार

पुसेगांव आज हिंगोली जिल्ह्यांत आहे. १९४८ पर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबाद शहरांत, 'ए. सी. गार्ड्‌स' नांवाचा एक मोहल्ला आहे. त्या दोन इंग्रजी अक्षरांचा अर्थ आफ्रिकन कॅव्हलरी, म्हणजे आफ्रिकी घोडदळ असा आहे.

दक्षिणेला हबशी नवा नव्हे. गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरानें अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालविला आणि खडकी, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, वसविलें. हैदराबादच्या स्वारांच्या वांट्याला मात्र चाकरीच आली. निजामाच्या पहाऱ्याला आणि मिरवणुकींच्या शोभेला ते असत. पगार, निवारा, मानमरातब, सारें त्या एका गणवेशाशीं बांधलेलें होतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली. मराठवाड्याला तो दिवस मुक्तीचा वाटला, आणि तें यथार्थच होतें. रझाकारांचा जुलूम त्या दिवशीं संपला. परंतु राजाबरोबर त्याच्या पहारेकऱ्याचीही भाकरी जाते, याचा विचार त्या आनंदांत कोणाला सुचणार? पुढें तें पथक मोडलें. घोडे गेले, गणवेश गेले. माणसें त्याच मोहल्ल्यांत राहिलीं.

मागें उरलें तें 'मरफा' हें वाद्यवादन. हैदराबादच्या लग्नांत त्याच्या ठेक्यावर सारे डोलतात. वाजविणाऱ्याचे पूर्वज येथें कां आणले गेले, हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. मुक्तीचा इतिहास सांगतांना त्यांचींही घरें त्यांत मोजलीं पाहिजेत.