अष्टागरातल्या पायवाटा

अष्टागर म्हणजे रेवस-मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतची अलिबाग तालुक्याची किनारपट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर, उत्तरेला धरमतरची खाडी आणि दक्षिणेला कुंडलिका नदीची. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि अशा आठ आगरांचा मुलूख म्हणून हे नाव पडले. ही आठ गावे नेमकी कोणती, याची यादी मात्र माणसागणिक बदलते. सांगणाऱ्याचे गाव तेवढे तीत हमखास असते.

इथल्या पायवाटा तीन प्रकारच्या. पहिली वाडीतली : दोन गडग्यांमधली, पोफळींच्या सावलीतली अरुंद बोळ. दुसरी पुळणीची, म्हणजे ओहोटीने मोकळ्या केलेल्या ओल्या वाळूवरची. तिसरी खारबांधाची. खाडीचे पाणी भातशेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, मध्ये मध्ये पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी, आणि बांधाच्या माथ्यावरून एका माणसापुरती वाट. यांतली एकही वाट फिरायला येणाऱ्यांसाठी पडलेली नाही. शेतकरी, कोळीण, पोफळीवर चढणारा, बांधाला खांड पडली का ते पाहणारा, यांच्या पायांनी त्या पडल्या. वाट कामाची, चालणारा तिच्यावरचा पाहुणा.

इंग्लंडमध्ये नदीकाठच्या आणि गावांमधल्या पायवाटा 1949 च्या कायद्यापासून अधिकृत नकाशावर नोंदवतात. शेत कोणाचेही असो, वाट सर्वांची. इथे वाट टिकते ती वहिवाटीने. शेतकऱ्याचा शेतात जायचा रस्ता कोणी अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली त्याला दाद मागता येते. नुसत्या फिरायला आलेल्याला तसा आधार नाही. त्याने विचारून जावे, आणि विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही.

चालायचे दिवस मार्गशीर्ष ते फाल्गुन. भात कापून झालेले असते, बांध वाळलेले असतात. पण वेळ ठरवायची ती घड्याळाने नव्हे, तिथीने. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. म्हणजे अष्टमीला ऐन दुपारी पुळण मोकळी. याच हिशेबाने अलिबागचे लोक समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जाऊन पायी परततात. हिशेब चुकला तर होडी करावी लागते.

अलिबाग ते रेवदंडा हे अंतर सुमारे 17 किलोमीटर. रमतगमत गेले तर एक दिवस पुरतो. साखर-अक्षीची खाडी ओलांडली की अक्षी लागते. इथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांमध्ये त्याची गणना होते. हा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता. शाळेच्या पुस्तकात त्याचा मान मोठा. रस्त्यावरच्या गाड्यांना तो दिसतही नसे. पायी जाणारा तेवढा त्याच्यापाशी थांबे.

अक्षीनंतर नागाव. इथे वाडीतली वाट सर्वांत चांगली. पूर्वी विहिरीवर रहाट असे आणि त्याच्या कुरकुरीवरून वाडी कुठवर आली ते कळे. आता पंपाची घरघर ऐकू येते. पोफळीवर चढणारा मात्र बदललेला नाही. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. एका झाडाचे घोस उतरवले की तो खाली येत नाही. शेंड्याशी बसून झाड हलवतो, बारीक खोड झोके घेऊ लागते, आणि एका झोक्यासरशी तो शेजारचे झाड धरतो. खालून पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याला त्याचे काही वाटत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात अशी असंख्य झाडे एका दिवसात आडवी झाली. नवी लावली, पण पोफळ धरायला वर्षे जातात.

भाताच्या मागून खाचरांत वाल येतो आणि वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला चोळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडके शेतातच उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. आत ना पाणी, ना तेल. पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावरच सारे शिजते. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब उडवतात. चर्र वाजले की पोपटी झाली. मग मडके कागदावर रिकामे करायचे आणि बोटे भाजत शेंगा सोलायच्या. भांबुर्डा एरवी शेतातले तण. थंडीत त्याचा वास आला की रायगडच्या माणसाला घर आठवते.

पुढे चौल. ग्रीकांनी सेमिल्ला आणि अरबांनी सैमूर म्हटलेले हे बंदर जहाजांनी गजबजले, गाळाने आणि राजकारणाने ओसरले, आणि आज वाड्यांच्या सावलीत निवांत आहे. रामेश्वराच्या पुष्करणीपाशी क्षणभर टेकावे. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला भोवाळ्याच्या टेकडीवर पाच दिवस जत्रा भरते, पायऱ्या माणसांनी भरून जातात आणि खाली मिठाईची दुकाने लागतात. त्या दिवसांत चौलच्या सगळ्या पायवाटा एकाच दिशेने वाहतात.

शेवटी रेवदंडा. रस्ता पोर्तुगीज कोटाच्या तटातूनच आत जातो. सातखणी मनोऱ्याचे मोजकेच मजले आता उरले आहेत. 15 व्या शतकात चौलला उतरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याचे स्मारक इथल्या शाळेच्या आवारात आहे. कोटामागे सह्याद्रीतून भिरा, कोलाड, रोह्यावरून आलेली कुंडलिका समुद्राला मिळते. पूल ओलांडून साळाववरून गेले की कोर्लई. 1740 मध्ये पोर्तुगीज हा मुलूख सोडून गेले, पण त्यांच्या भाषेचे मराठीत मुरलेले रूप तिथल्या ख्रिस्ती घरांत अजून बोलले जाते.

एक तक्रार उरते. वाड्या विकल्या जात आहेत, गडग्यांच्या जागी उंच भिंती आणि लोखंडी फाटके येत आहेत. भिंत घालणाऱ्याला वाट दिसत नाही, कारण ती कागदावर नसते. पोफळी उतरवणारा येईनासा झाला, खार पडीक राहिली, की वाटेवर आधी गवत येते आणि मग भिंत. वाट कामाची, काम संपले की तीही संपते. आज ज्या बांधांवर भात आणि वाल आहे, त्या बांधांवरून अजून रेवदंड्यापर्यंत चालता येते. परतायला अलिबागची एसटी आहे.