नव्या विंडोजची ओळख
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझी इयत्ता सातवी. परंतु भिशीचा व मसाला-विभागाचा हिशोब मंडळाच्या संगणकावर मीच ठेवते. म्हणून त्यात झालेला बदलही मीच सांगावा, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह पडला.

आपल्या संगणकात २०१५ साली निघालेली विंडोज १० होती. तिची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तारीख उलटली म्हणून संगणक बंद पडत नाही. पण भिंतीला नवी फट पडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. त्या घरात एकतीस जणींनी पोटाला चिमटा घेऊन साठवलेल्या पैशांचा हिशोब होता.

एका दुकानदाराने सांगितले, "हा टाका, नवाच घ्या." माझ्या पोटात गोळा आला. मुलीने मात्र 'पीसी हेल्थ चेक' नावाच्या कार्यक्रमाने संगणक तपासला. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरलेल्या यादीतला प्रोसेसर लागतो. आपला संगणक या परीक्षेत पास झाला. नवी प्रणाली फुकट मिळाली आणि मंडळाची शिल्लक वाचली.

आदल्या रात्री मी सारा हिशोब पेन ड्राइव्हवर उतरवला. तेवढ्याने मन भरेना, म्हणून प्रत्येकीची बाकी वहीतही लिहिली.

दुसऱ्या दिवशी संगणक उघडला, तो डाव्या कोपऱ्यातले स्टार्टचे बटण जाग्यावर नाही! वाटले, हिशोबही गेला. पाहते तो बटण खालच्या पट्टीच्या मधोमध बसलेले. धाकट्या जावेने स्वयंपाकघरातले डबे हलवावेत, तसे झाले होते. जिन्नस तेच, फळी निराळी. वही घेऊन एकेक बाकी ताडून पाहिली. रुपयाचाही फरक नव्हता. तेव्हा कुठे मी चहा घेतला.

आता नव्या सोयी सांगते. स्टार्टचे बटण पुन्हा डावीकडे हवे असेल तर सेटिंग्जमधील पर्सनलायझेशन, त्यातील टास्कबार येथे ते बदलता येते. खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातील चौकोनावर माऊस नुसता धरला, की पडद्याचे भाग पाडणारे नमुने दिसतात. मी एका बाजूला बिले व दुसऱ्या बाजूला हिशोब ठेवते. मान मोडून वहीत पाहणे संपले. नोटपॅडमध्ये एकाच खिडकीत अनेक पाने उघडतात. माऊसच्या उजव्या बटणाची जुनी लांबलचक यादी सापडली नाही, तर 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावे. मराठीचा फोनेटिक कळफलक मात्र नवा नाही. तो २०१९ पासून विंडोज १० मध्येही होता, आणि तसाच चालतो.

बदल अगदीच मानवला नाही, तर पहिल्या दहा दिवसांत रिकव्हरीतून मागे जाता येते. पण मागे गेले की ती न बुजणारी फटही परत येते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सावधगिरी. "संगणकात विषाणू शिरला, या नंबरवर फोन करा," असा संदेश पडद्यावर आला तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो.

भगिनींनो, त्या सकाळी बटण सापडेना तेव्हा मला एक गोष्ट उमगली. मी अंथरूण धरले असते, तर हा हिशोब उघडणारी दुसरी कोणी मंडळात नव्हती. संगणक सुधारला, पण आपली खरी फट तीच आहे. म्हणून माझे मागणे एवढेच, की यंदा निदान दोघींनी दर बुधवारी दुपारी माझ्याशेजारी येऊन बसावे. सातवीच्या शिदोरीवर मला जमले, ते तुम्हालाही जमेल.