आधारपेशींनाही सेरोटोनिन कळते

श्रोतेहो, भाईंदर पश्चिमेच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी मिळते. मेंदूत सुटलेले सेरोटोनिन चेतापेशींनी पुन्हा आत ओढून घेऊ नये, हे तिचे काम. ते काही तासांत सुरू होते; उदास मन सावरायला मात्र आठवडे जातात. मधल्या दिवसांत काय घडते, हे आपण मुख्यतः चेतापेशींतच शोधत आलो. शेजारच्या आधारपेशी हिशेबात धरल्याशिवाय ते पुरते उलगडणार नाही, असे माझे मत आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि इतर पेशीही जवळपास तेवढ्याच. त्यांतल्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशी चेतापेशींभोवतीचे जादा ग्लुटामेट उचलतात आणि ऊर्जेचा साठा सांभाळतात.

त्यांना सेरोटोनिनचा निरोप थेट मिळतो की चेतापेशींमार्फत? जिवंत मेंदूत दोन्ही पेशी इतक्या गुंतलेल्या असतात, की हे सांगणे कठीण. १९८० साली मॅकार्थी आणि डी व्हेलिस या संशोधकांनी त्यावर रीत दिली. नवजात उंदराच्या मेंदूतल्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि ती बाटली रात्रभर यंत्रावर हलवत ठेवायची. सैल चिकटलेल्या पेशी सुटून जातात, तळाशी ॲस्ट्रोसाइटचा थर उरतो. अशा थरावर सेरोटोनिन घातले, की पेशींच्या आत कॅल्शियम उसळते. सेरोटोनिनचा निरोप घेणारे ५-एचटी-२ कुळातले ग्राही औषधाने अडवले, की ती उसळी दबते. तिथे चेतापेशी जवळजवळ नसतातच, म्हणजे निरोप थेट पोचला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, संवर्धित चेतापेशींत सेरोटोनिन ५-एचटी-२ए ग्राहीमार्फत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, वाढवते, असे दाखवले. ते काम चेतापेशींवरचे आहे. पण हे रसायन पेशीची ऊर्जाव्यवस्थाच बदलत असेल, तर ऊर्जेचा साठा सांभाळणाऱ्या पेशींना वगळून कसे चालेल?

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. बाटलीतली ॲस्ट्रोसाइट चपटी, फरशीसारखी पसरते. मेंदूतले तिचे बारीक फाटे तिथे नसतात. २००८ साली स्टॅनफर्डमध्ये बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की तिची जनुकेही मेंदूतल्या पेशीसारखी वागत नाहीत. शिवाय पेशी ज्या रक्तद्रवावर पोसतात, त्यात रक्तातल्या बिंबिकांमधून उतरलेले सेरोटोनिन आधीच असते. ग्राही आठवडाभर त्यातच भिजत राहिले, तर त्यांचा प्रतिसाद मंदावणारच. पण यावर इलाज आहेत: रक्तद्रव गाळून सेरोटोनिन काढता येते, आणि २०११ पासून रक्तद्रवाशिवाय पेशी वाढवण्याची रीतही उपलब्ध आहे. म्हणून बाटलीतल्या प्रयोगाला त्याचा नेमका मान द्यावा. पेशी काय करू शकते, हे तो सांगतो. ती मेंदूत तसे करते का, हे जिवंत प्राण्यातच तपासावे लागेल. आधारपेशींचा वाटा ठरायचा आहे; गोळीचा उपयोग त्यामुळे खोटा ठरत नाही. तेव्हा श्रोतेहो, घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका.