पावसाची सावली आणि मेंढ्यांची वाट

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आत माण तालुका लागतो आणि तिथं जेमतेम पाचशे मिलिमीटर! अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात, पलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा पट्टा उरतो.

घरं पाहिली तरी पावसातला हा फरक कळतो. कोकणात जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलं आणि वाड्यावाड्यांत विखुरलेली वस्ती. माणदेशात सपाट मातीच्या छताची माळवदी घरं, एकमेकांना बिलगून.

पण या दोन मुलखांना जोडणारी माणसं मला फार मोलाची वाटतात. ती म्हणजे मेंढपाळ धनगर. दिवाळीच्या सुमारास कोरड्या पट्ट्यातली चराई आटू लागते, तसे धनगरांचे कितीतरी वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात. भातकापणी झालेल्या कोकणी शेतात मेंढ्या बसवायच्या, शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. कोकणातला पाऊस मात्र मेंढीला सोसत नाही. सततच्या ओलीनं खूर कुजतात. म्हणून मृगाच्या आधी कळप पुन्हा घाटमाथा चढतात.

बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा ही याच कोरड्या माळांवरची, धनगरांची दैवतं. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर वर्षानुवर्षं धनगरांमध्ये वावरले, त्यांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्या ओव्यांमधले देवही कळप घेऊन चारापाण्याच्या शोधात रानोमाळ फिरतात.