विजेची टंचाई कोणाच्या वाट्याला?

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विजेच्या प्रश्नावर बोलावे असे संयोजकांनी मला सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वाढीव बिलांचा विषय असावा. बिलांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि तो विषय मोर्चाला सोयीचाही आहे. मी आज त्याच्याही आधीच्या एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. वीज अपुरी पडते तेव्हा कोणी ती वापरावयाची नाही हे कोण ठरवितो, आणि कोणत्या मापाने ठरवितो, हा तो प्रश्न होय.

टंचाईच्या काळात शासनाने वापरावर निर्बंध घालावेत याला समाजवाद्याने तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. धान्य अपुरे असताना शिधावाटपाची मागणी करणारे आम्हीच होतो. अपुऱ्या वस्तूचे वाटप बाजारावर सोपविणे म्हणजे ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरी ती जाऊ देणे. तेव्हा 'भारनियमन' या शब्दातील नियमनाशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते नियमाशी.

हा नियम कायद्यात कसा आला ते थोडक्यात पाहू. १९१० च्या भारतीय वीज कायद्यात १९५९ साली २२-ब हे कलम घालण्यात आले. विजेचा पुरवठा टिकविण्यासाठी आणि तिचे समन्यायी वाटप साधण्यासाठी राज्य शासनाला पुरवठा, वाटप आणि वापर यांवर आदेशाने नियंत्रण घालता येईल, असा त्याचा आशय. २००३ च्या वीज कायद्यात हेच कलम २३ व्या क्रमांकावर आले, परंतु त्यात दोन बदल झाले. अधिकार शासनाकडून नियामक आयोगाकडे गेला. आणि 'समन्यायी वाटप' या शब्दांच्या शेजारी 'स्पर्धेला उत्तेजन' हे नवे उद्दिष्ट येऊन बसले. हे दोन पाहुणे एका घरात सुखाने नांदतील असे ज्यांना वाटले त्यांच्या आशावादाचे मला कौतुक वाटते. विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या मंत्र्याला निदान सभागृहात जाब विचारता येत होता. आयोगापुढे हरकत नोंदवावयाची तर आकडे हवेत, इंग्रजी हवे, वेळ हवा, आणि मुंबईला जाण्याचे भाडेही हवे. प्रताप होगाडे यांच्यासारखे आपले काही सहकारी वर्षानुवर्षे ते काम चिकाटीने करीत आले, हा अपवाद.

आता आपल्या राज्यातील अनुभव. २००१ साली खापरखेड्याचा चौथा संच सुरू झाल्यावर परळी आणि पारस येथील नवे संच येण्यास २००७ उजाडले. मधल्या काळात मंडळाने फारशी भर घातली नाही. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाने त्यापूर्वीच मंडळाची कंबर मोडली होती. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची वीज परवडेना म्हणून मे २००१ मध्ये मंडळाला ती घेणे थांबवावे लागले. मृणाल गोरे आणि अन्य साथींनी या कराराविरुद्ध दिलेला इशारा येथे सविस्तर सांगण्याची गरज नाही. २००५ च्या जूनमध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण या कंपन्या जन्मल्या, त्या टंचाईच्या ऐन भरात. कमाल मागणीच्या वेळी तूट हजारो मेगावॅटची असे, आणि खेड्यापाड्यांत दिवसाचे बारा-बारा तास लाइन नसे.

ही तूट वाटावयाची कशी? आयोगाने मान्य केलेली पद्धत अशी होती की विभागांचे व वाहिन्यांचे, म्हणजे फीडरचे, गट पाडावयाचे. ज्या गटात गळती कमी आणि वसुली चांगली तेथे भारनियमन कमी. जेथे गळती अधिक आणि थकबाकी मोठी तेथे अधिक. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. चोरी करणाऱ्याला शिक्षा, बिल भरणाऱ्याला बक्षीस. माझे काही अर्थशास्त्रज्ञ मित्र या पद्धतीचे आजही समर्थन करतात, आणि काही तरी निकष हवाच ना, असे विचारतात.

त्यांना माझे उत्तर असे. शिक्षा चोराला होत नव्हती, वाहिनीला होत होती. एका वाहिनीवर कित्येक गावे आणि शेकडो ग्राहक असतात. त्यात आकडा टाकणारा असतो, लाइनमनशी संधान बांधून मीटर मंद करणारा असतो, आणि एका खोलीत दोन दिवे लावून दर महिन्याला बिल भरणारी शेतमजूर बाईही असते. पहिल्या दोघांच्या पापाचा काळोख तिसरीच्या घरात पडतो. सामुदायिक दंडाची पद्धत इंग्रजांनी बेचाळीस साली गावोगाव वापरली होती. तिला आपण जुलूम म्हणालो. येथे तिलाच कार्यक्षमता म्हटले गेले.

दुसरे असे की गळती ही सारीच चोरी नसते. तारेतून प्रवाह वाहताना काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि प्रवाह दुप्पट झाला तर हा अपव्यय चौपट होतो. शहरात रोहित्रापासून घर शंभर पावलांवर असते. आपल्याकडे एका डीपीवरून लघुदाबाची बारीक तार कोसभर वावरांतून जाते आणि तिच्या शेवटी पाच अश्वशक्तीची मोटार असते. तार बारीक कोणी टाकली? गावाने नव्हे. पण तिच्यातून होणारी गळती गावाच्या नावावर लिहिली गेली आणि तिच्यावरून गावाचे तास ठरले.

तिसरी गोष्ट तर आकड्यांचीच. पुष्कळ कृषिपंपांना मीटर नव्हते. त्यांचा वापर अंदाजाने धरला जाई. मंडळ वर्षानुवर्षे गळती अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत होते. १९९९-२००० च्या सुमारास आयोगापुढे तपासणी सुरू झाल्यावर ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मधला फरक इतकी वर्षे शेतकऱ्याच्या पंपाच्या नावावर खपविला गेला होता. ज्या आकड्याचा पायाच अंदाजाचा, त्यावर कोणाच्या घरी किती तास अंधार हे ठरविणे कोणत्या शास्त्रात बसते?

मुंबईचे काय, असे आपण विचाराल. मुंबईचे वितरण टाटा, बेस्ट आणि रिलायन्स यांच्याकडे होते. टाटा आणि रिलायन्स यांची स्वतःची निर्मिती होती, आणि कमी पडेल तेवढी वीज महाग दराने विकत घेण्याची ऐपतही होती. म्हणून मुंबई भारनियमनातून वगळलेली राहिली. पुण्यात २००६ च्या जूनपासून एक नवा प्रयोग झाला. तेथील कारखानदारांनी आपले जनित्र चालवावे, त्यामुळे वाचणारी वीज शहराला मिळावी, आणि त्याचा वाढीव खर्च ग्राहकांनी जादा आकाराच्या रूपाने द्यावा, अशी ती योजना होती. पुणे भारनियमनमुक्त झाले. पुणेकरांचा मला हेवा नाही. परंतु याच सुमारास पंतप्रधान मनमोहन सिंग आपल्या वायफड गावी आले, शेतकऱ्यांच्या घरच्या माणसांना भेटले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली. तिचा मोठा भाग सिंचनासाठी होता. एकाच राज्यात, एकाच सुमारास, एका शहराने पैसे देऊन अंधार दूर सारला आणि एका जिल्ह्याला ओलितासाठी पैसे मिळाले; ओलिताची मोटार चालविणारी वीज मात्र त्या जिल्ह्याला मिळाली नाही.

आणि ही वीज येते कोठून? महानिर्मितीच्या औष्णिक क्षमतेचा निम्म्याहून अधिक भाग विदर्भात आहे: चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ पासून चालू आहे. राख चंद्रपूरच्या फुप्फुसात, उजेड पडघ्याच्या पलीकडे. आपल्या जिल्ह्यात तर रायपूरकडून येणाऱ्या ७६५ केव्ही वाहिनीचे मोठे उपकेंद्र आहे. तिच्या मनोऱ्यांखालून शेतकरी रात्री कंदील घेऊन ओलिताला जातो. हे मी प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत मांडत नाही. वेगळ्या राज्याने हा प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की त्या राज्यात नागपूर आणि आष्टी यांचे तास सारखे असतील काय? निकष तोच राहिला तर मुंबईच्या जागी नागपूर येईल, इतकेच.

२०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याची घोषणा झाली. ती कमी गळतीच्या गटांपुरती होती. शेवटच्या गटांचे भारनियमन चालूच राहिले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे पुन्हा तूट आली, तेव्हाही प्रथम कुऱ्हाड पडली ती याच शेवटच्या गटांवर. याउलट १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली तर केंद्रापर्यंत खळबळ उडाली आणि चौकशी समित्या बसल्या. आमच्याकडे वर्षानुवर्षे रोज बारा तास वीज गेली. चौकशी कोणाची झाली?

या सगळ्यांत एक निर्बंध असा आहे की ज्याला भारनियमन म्हटलेच जात नाही. कृषिपंपाला तीन-फेज वीज दिवसाला आठ तास, तीही आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. चोवीसपैकी सोळा तास वीज बंद, आणि तरी हा भारनियमनाच्या हिशेबात धरावयाचा नाही! रात्रीच का, याचे कारण ध्यानात घेण्यासारखे आहे. रात्री शहरांची मागणी घटते, पण औष्णिक संच दिव्यासारखा मालवता येत नाही. ती उरणारी वीज खपविण्यासाठी शेतकऱ्याला जागविले गेले. आता सौरविजेमुळे दुपारी वीज उरू लागली आहे, म्हणून दिवसा वीज देण्याचा उत्साह शासनाला आला आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची. तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची. योजना चांगली आहे, तिचे मी स्वागतच करतो. परंतु शेतकऱ्याची झोप ही कधीही कोणाच्या हिशेबात नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

बोर अभयारण्याला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्याच्या कडेच्या सेलू तालुक्यातील गावांत हरभऱ्याला पाणी द्यावयास रात्री अकराला निघणारा माणूस हातात काठी आणि विजेरी घेऊन जातो, आणि घरची मंडळी तो परतेपर्यंत जागी असतात. कारंजा-आष्टीकडे आंबिया बहाराला ऐन उन्हाळ्यात पाणी हवे असते, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा राज्यात मागणी सर्वाधिक असते. लाइन आली की सर्वांच्या मोटारी एकदम सुरू होतात, कारण प्रत्येकाने ऑटो बसविलेला असतो. दाब उतरतो, डीपी जळते, आणि नवी येईपर्यंत आठांचे शून्य तास होतात. ऑटो काढा, कपॅसिटर लावा, असे महावितरण सांगते. सांगणे योग्य आहे. पण लाइन किती वाजता येईल याची खात्री नसलेला मनुष्य ऑटो कसा काढील?

मर्यादा लोक पाळत नाहीत, हा आक्षेप मला मान्य नाही. २००५-०६ च्या सुमारास 'अक्षय प्रकाश' नावाची एक योजना निघाली होती. गावाने स्वतः आकडे काढावयाचे, संध्याकाळी पंप आणि गिरणी बंद ठेवावयाची, आणि त्या बदल्यात गावठाणाला संध्याकाळी दिवे मिळावयाचे. बऱ्याच गावांनी ही बंधने आपणहून पाळली. निर्बंध तेच, पण ते गावाने ठरविले होते. मगनवाडीत कुमारप्पांनी खेड्यासाठी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप तयार करविला. आज त्याचे आपल्याला हसू येते. परंतु साठ्यावर चालणारी आणि प्रवाहावर चालणारी अर्थव्यवस्था यांतला त्यांनी दाखविलेला भेद कोळसा आणि सूर्य यांच्या संदर्भात आज आपल्याच शहरात पुन्हा शिकविण्यासारखा आहे.

आता थोडे आपल्याविषयी. २००४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर शेतीला मोफत वीज जाहीर झाली आणि दुसऱ्या वर्षी ती मागे घेतली गेली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षे बिल नाही. चव्वेचाळीस लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ असल्याचे शासन सांगते. आपणही मोर्चे काढले ते बिलमाफीसाठी. तास आम्ही मागितलेच नाहीत. फुकट वस्तूचे तास मागता येत नाहीत, हे सत्ताधाऱ्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगले कळते. आणि ज्या भूमिहीनाला पंपच नाही, त्याच्या घरगुती बिलाविषयी या साऱ्या काळात आपण काय बोललो, ते प्रत्येकाने आठवून पाहावे.

मला वाटते, आपल्या मागणीची भाषा बदलावयास हवी. थकबाकी ज्याची त्याच्याकडून वसूल करा, वाहिनीला दंड करू नका. रुग्णालय, पाणीपुरवठा, दळणाची गिरणी आणि अभ्यासाची संध्याकाळ यांना जाहिरातीच्या फलकांआधी आणि वातानुकूलित दालनांआधी वीज द्या. तूट येईल तेव्हा मुंबईसह प्रत्येक शहराने आपला वाटा उचलावा. आणि कोणत्या वाहिनीला किती तास वीज मिळाली याचा आकडा दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

या शेवटच्या मागणीसाठी आयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक उपकेंद्रात वाहिनी केव्हा बंद झाली आणि केव्हा चालू झाली याची नोंदवही असते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तिची नक्कल मागता येते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून एक उपकेंद्र निवडू, मार्च ते मे या तीन महिन्यांच्या नोंदींची नक्कल मागू, आणि त्याच वाहिनीवरील एका गावात आपल्या कार्यकर्त्याने रोजची वेळ स्वतः वहीत लिहावी. जूनमध्ये दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहू. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. तो जेवणाच्या सुट्टीत तालुकावार घ्यावा.