आरतीला घुमारा किती असावा?
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या आरत्यांची कच्ची प्रत ऐकून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले, "देवळात म्हटल्यासारखी का वाटत नाही?" कारण साधे आहे. ती इथे छाणीतच एका घरी, पडदे-गाद्यांच्या खोलीत मुद्रित झाली. गाद्या आवाज पितात. आपल्या गावातल्या देरासरात संगमरवरावर उभे राहून नुसते खोकले तरी ते घुमते, तसे इथे होत नाही. तो घुमारा संगणकावर मागाहून घालावा लागतो.

त्यासाठी 'कन्व्होल्यूशन रिव्हर्ब' नावाचे प्लगइन असते. रिकाम्या सभामंडपात फुगा फोडायचा आणि त्या एका 'फट्'ला भिंतींनी दिलेले उत्तर मुद्रित करायचे. संगणकाच्या लेखी आपला आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० बारीक 'फट्'. प्रत्येकाला तेच उत्तर जोडायचे आणि सगळ्याची बेरीज घ्यायची. उत्तर दोन सेकंदांचे असेल तर सरळ हिशेबाने दर सेकंदाला जवळजवळ ३८९ कोटी गुणाकार होतात! फूरियेच्या गणिताने ते पुष्कळ आटोपते, म्हणून घरच्या संगणकावर भागते.

तयार जागांची यादी उघडली की हात मोठ्या घुमटाकडे जातो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुजही पलीकडे पोचते, पण तिथे दहा जणांनी आरती म्हटली तर शब्द कळायचे नाहीत. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. १८९५ साली ते काम वॉलेस सेबिन या प्राध्यापकांकडे आले. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून, किती गाद्यांनी किती घुमारा घटतो ते मोजले.

आपली मुले गुजराती नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. आरतीचे मराठी शब्द ती कानानेच पाठ करतात. जोडाक्षर घुमाऱ्यात विरघळले, तर चुकीचा शब्दच पुढे जाणार. म्हणून आमचा कौल शब्दांना.

आरतीची लय मिनिटाला १०० मात्रा धरली तर एक मात्रा ०.६ सेकंदाची. दोन सेकंदांची शेपटी तीन मात्रांवर पसरते. आम्ही ती सव्वा सेकंदावर आणली. घुमारा २५ मिलिसेकंद उशिरा सुरू केला. तेवढ्यात आवाज साडेआठ मीटर जातो, म्हणजे शब्द आधी कानी पडतो आणि मंडप मागून बोलतो. घुमाऱ्यातला २०० हर्ट्झखालचा भाग कापला. ढोलकीचा गडगडाट गेला. ६,००० च्या वरचा उतरवला. झांजेला तर घुमारा जवळजवळ दिलाच नाही, तिला गरज नसते! प्रमाण ठरवताना घुमारा स्पष्ट जाणवेपर्यंत वाढवला आणि मग थोडा मागे घेतला. हे मात्र कानानेच, आकड्याने नाही.

मांडवात वाजवायची प्रत वेगळी, पार कोरडी ठेवली आहे. मांडवाचा पत्रा स्वतःच पुरेसा घुमवतो.

प्रसादानंतर दोन्ही प्रती ऐकवू. मुलांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि जसा ऐकू येईल तसा शब्द लिहावा. जिथे चूक निघेल, ती ओळ आम्ही पुन्हा दुरुस्त करणार आहोत.