शिकवायचे तर हिशेब मांडून

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



बैल घ्यायचा असला म्हणजे आपण काय करतो? बाजारात जातो. बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मग रुमालाखाली बोटे धरून भाव करतो. एका बैलासाठी आपण एवढे करतो. पण मुलाच्या शिक्षणासाठी लाखो रुपये मोजताना एक रंगीत कागद पाहतो आणि पैसे भरून मोकळे होतो. आज आम्ही त्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा बारावी झाला होता. हातात जाहिरातीचा कागद होता. त्यावर छापले होते, 'दोन वर्षांत थेरपिस्ट व्हा. नोकरीची हमी.' फी तीन लाख रुपये. ते म्हणाले, "गुरुजी, घालू का पोराला?" आम्ही म्हणालो, "घाला की दादा. शिक्षणावर घातलेला पैसा वाया जात नाही."

त्यांनी एक एकर जमीन सावकाराकडे गहाण टाकली. मुलगा दोन वर्षे शिकला. कागद मिळाला. तो घेऊन दवाखान्यात नोकरी मागायला गेला. तिथे विचारले, "नोंदणी क्रमांक सांगा." नोंदणी कुठली? संस्थेला मान्यताच नव्हती! तो मुलगा आज एका औषधाच्या दुकानात माल मांडतो. ती एकर जमीन अजून सुटलेली नाही. ते दादा आम्हाला आजही रामराम करतात. आमचीच मान खाली जाते.

तेव्हापासून आम्ही 'वाया जात नाही' असे म्हणत नाही. 'आधी हिशेब मांडा' असे म्हणतो.

हे काम कसले?

काम चांगले आहे, यात शंका नाही. एखाद्याला अर्धांगवायू होतो. कोणाचे हाड मोडते. कोणाचा गुडघा बदलतात. डॉक्टर औषध देतात, शस्त्रक्रिया करतात. पण आखडलेला हात पुन्हा हलवायला, पुन्हा चालायला कोणीतरी शिकवावे लागते. त्या विद्येला फिजिओथेरपी म्हणतात. दुसरी एक विद्या आहे ऑक्युपेशनल थेरपी. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपल्या हाताने घास घेणे, सदऱ्याची बटणे लावणे, पुन्हा कामाला लागणे, हे तिच्यात शिकवतात.

ऑक्युपेशनल थेरपीची आपल्या देशातील पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली निघाली. ती कमलाबाई निंबकर यांनी काढली. त्या जन्माने अमेरिकन होत्या. लग्न करून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. त्या काळी पोलिओने पांगळी झालेली मुले पुष्कळ होती. पुढे लस आली. २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. पण काम संपले नाही. आता रस्त्यांवर अपघात वाढले आहेत. म्हातारी माणसे जास्त जगतात. तेव्हा हे हात लागणारच.

मान्यता आधी, पैसे मागून

आता नीट ऐका. आपल्याकडे फिजिओथेरपीची पदवी घ्यायला साडेचार ते पाच वर्षे लागतात. मुलगा किंवा मुलगी बारावीला विज्ञान शाखेत हवी. नीट नावाची परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकचे आरोग्य विद्यापीठ देते. काही अभिमत विद्यापीठेही देतात. पदवी मिळाल्यावर परिषदेत नाव नोंदवावे लागते. अशा व्यवसायांसाठी २०२१ साली देशाचा कायदाही झाला आहे.

अपंगांच्या पुनर्वसनाचे दुसरे काही अभ्यासक्रम आहेत. त्यांतले काही दोन वर्षांचेही आहेत. विशेष मुलांच्या शिक्षकाची पदविका तशी आहे. त्यांना भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने झाली. तिच्याकडे नोंदणी नसताना असे काम केले, तर त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. म्हणजे नुसते पैसे बुडत नाहीत, पोरगे गोत्यात येते.

मुले फोनवर पाहतात आणि म्हणतात, "अमेरिकेत दोन वर्षांत होते." खरे आहे. तिथे फिजिओथेरपीच्या साहाय्यकाची दोन वर्षांची पदवी आहे. पण तिथेही कॉलेजला मान्यता लागते, परवाना लागतो, आणि तो साहाय्यक थेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करतो. तिथला पगार डॉलरात आणि खर्चही डॉलरात. तिथला हिशेब आपल्या शिवारात लावू नये.

आता पाटी घ्या

आम्ही एक हिशेब सांगतो. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपले खरे आकडे विचारून घाला.

समजा, शिक्षण पाच वर्षांचे. त्यातली चार वर्षे फी, आणि शेवटचे वर्ष रुग्णालयात कामाचे.

फी वर्षाला १,२०,००० रुपये. चार वर्षांचे ४,८०,०००.
राहणे-जेवणे महिन्याला ६,०००. साठ महिन्यांचे ३,६०,०००.
पुस्तके, कपडे, येणे-जाणे महिन्याला १,०००. साठ महिन्यांचे ६०,०००.
एकूण ९,००,००० रुपये.

जाहिरातीत फक्त पहिली ओळ असते. बाकीच्या दोन ओळी बापाने लिहायच्या असतात.

आता मिळकत. समजा, पहिली नोकरी २०,००० रुपयांची लागली. नोकरी शहरात. खोली, जेवण, बसभाडे यांत १०,००० गेले. हातात राहिले १०,०००. वर्षाचे १,२०,०००. नऊ लाखांना एक लाख वीस हजारांनी भागा. साडेसात वर्षे आली. म्हणजे साडेसात वर्षे सगळी शिल्लक दिली, तेव्हा मुद्दल फिटले. व्याज अजून धरलेलेच नाही.

आता फीची ओळ पुसा. फी माफ झाली असे समजा. राहिले ४,२०,०००. त्याला भागले तर साडेतीन वर्षे येतात. पोरगी तीच, विद्या तीच. पण चार वर्षांचा फरक पडला! म्हणून फी कुठे कमी आहे आणि सवलत कोणती आहे, हे विचारायला लाजू नका. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली एक निर्णय केला. घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी माफ केली. मात्र प्रवेश सरकारी यादीतून मिळालेला हवा. मागल्या दाराने पैसे भरून घेतलेल्या जागेला ही सवलत नाही.

कर्ज कोणाचे?

सावकार म्हणतो, "शेकड्याला तीन रुपये." ऐकायला थोडे वाटते. पण ते महिन्याचे असतात. लाखाला महिन्याचे ३,०००, वर्षाचे ३६,०००. पाच वर्षांत व्याजच १,८०,०००. बँकेचा दर समजा दहा टक्के असला, तर सरळ व्याजाने पाच वर्षांचे ५०,००० होतात. बँकांच्या शिक्षण कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत जमीन तारण लागत नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात. पण मधल्या काळातही व्याज चढत असते, हे विसरू नका. जमेल तसे ते व्याज भरत गेले तर पुढचे ओझे हलके होते.

एका मुलीची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मायलेकी आल्या. कागद तसलाच. पंचवीस हजार आगाऊ भरलेले. आई म्हणाली, "गुरुजी, उद्या बाकीचे भरायचेत. पाटल्या मोडते." आम्ही म्हणालो, "थांब बाई. उद्या आपण तिघे जाऊ."

गेलो. आम्ही मान्यतेचे पत्र मागितले. ते म्हणाले, "पत्र येणार आहे." आम्ही म्हणालो, "पत्र येईल तेव्हा पैसेही येतील." पंचवीस हजार काही परत मिळाले नाहीत. ते गेले. पण पाटल्या वाचल्या.

मुलगी महिनाभर आमच्याशी बोलली नाही. तिला वाटले, आम्ही तिची वाट अडवली. मग तिने घरी बसून पुन्हा नीटचा अभ्यास केला. एक वर्ष गेले. सरकारी यादीत नाव लागले. फीची सवलत मिळाली. राहण्या-जेवणासाठी बँकेचे कर्ज काढले. आज ती फिजिओथेरपीच्या वर्गात शिकते आहे. तिची मिळकत अजून सुरू झालेली नाही, हेही आम्ही सांगून ठेवतो. पुढे पगार किती मिळेल, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण तिच्या घरची जमीन तिच्या घरच्यांच्या नावावर आहे.

तर मंडळी, एवढे गाठीला बांधा.

पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र पाहा. ते विद्यापीठाला किंवा परिषदेला विचारून खरे करा.
मागल्या वर्षी शिकून बाहेर पडलेल्या दोघांना भेटा. पगार किती, असे सरळ विचारा.
फीबरोबर राहणे, जेवणे आणि व्याज लिहा.
सही करण्यापूर्वी कागद स्वतः वाचा.

ही शेवटची गोष्ट पूर्वी तुम्हाला करता येत नव्हती. आता येते. त्या दादांनाही त्या वेळी वाचता येत नव्हते. त्यांच्या वतीने वाचायला आम्ही होतो, आणि आम्हीच नीट वाचले नाही. तुम्ही आमच्यावरही विसंबू नका. स्वतः वाचा, आणि पाटीवर हिशेब मांडा.